बसलेली कमान

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना काही शब्द असे भेटतात, की ते नेमके कुठल्या तासाला शिकवावेत हेच कळत नाही. ‘कमान’ हा त्यातला एक. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. तिथून हा शब्द उर्दूत आला, मराठीतही आला. मराठीने त्याला गावाच्या वेशीवर नेले, वाड्याच्या दारावर चढवले. मशिदीच्या आणि देवळाच्या बांधकामातही तोच शब्द रुळला. घड्याळाच्या आतल्या पातळ पोलादी पट्टीलाही लोक कमान म्हणू लागले. आणि गाडीच्या चाकांवर, चासीखाली बांधलेल्या वाकड्या पाट्यांच्या जुडग्यालाही कमानच म्हटले गेले. गॅरेजमध्ये तर ‘कमानपाटे’ असा जोडशब्दच चालतो.

हा लेख या शेवटच्या कमानीबद्दल आहे. जुनी जीप मागून झुकते, पुढचे नाक वर होते, खड्ड्यात एक्सल वर जाऊन चासीवर आदळतो. मिस्त्री म्हणतो, ‘कमान बसली.’ मग ती उचलायची कशी, हा प्रश्न येतो. इतिहासाच्या लेखाला हा विषय किरकोळ वाटेल. आपल्याकडे इतिहास म्हटला की सुलतान, सरदार, किल्ले आणि फर्माने. पण आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा इतिहास फर्मानात सापडत नाही. तो ऐरणीवर, भट्टीपाशी आणि गाडीखाली सरपटत गेलेल्या माणसांकडे सापडतो. त्यातला एक तुकडा इथे मांडतो आहे.

धनुष्यापासून घोडागाडीपर्यंत

धनुष्य बनवणाऱ्याला ‘कमानगर’ म्हणत. त्याचे काम फक्त लाकूड वाकवण्याचे नव्हते. वाकलेली वस्तू पुन्हा आपल्या मूळ आकारात परत आली पाहिजे, आणि हजार वेळा वाकवली तरी परत आली पाहिजे, हे त्याला साधायचे असे. म्हणून चांगले धनुष्य एकाच पदार्थाचे नसे. लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू यांचे थर सरसाने चिकटवून ते तयार होई. ज्या बाजूवर दाब येतो तिथे शिंग, ज्या बाजूवर ताण येतो तिथे तंतू.

बंदूक आली आणि कमानगरांचे काम हळूहळू गेले. कच्छमधल्या कमानगरांनी हातात कुंचला घेतला. धनुष्यांवर नक्षी काढणारा हात भिंतींवर चित्रे काढू लागला आणि तिथली ती चित्रशैली आजही ‘कमानगरी’ म्हणून ओळखली जाते. उर्दूत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. कमानगर म्हणजे निखळलेले हाड बसवणारा. शब्दकोशात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत. धनुष्याचा बाक ओळखणारी बोटे माणसाच्या सांध्याचा बाकही ओळखतात, असे लोकांना वाटले असावे.

युरोपात याच काळात घोडागाड्यांखाली पोलादी पाटे येत होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ऑबडाया इलियट याने दोन कमानी समोरासमोर जोडून लंबगोल स्प्रिंग केली आणि तिचे पेटंट घेतले. त्यामुळे गाडीचा खालचा जड लाकडी दांडा काढून टाकता आला, गाड्या हलक्या झाल्या. तिचाच अर्धा भाग, म्हणजे एकच कमान, पुढे मोटारींखाली आणि मालमोटारींखाली आली. आपल्याकडच्या टांग्याखालीही तीच कमान होती. टांग्याची कमान दुरुस्त करणारे लोहार मोटारीच्या कमानीकडे वळले, यात नवल नाही. काम तेच होते, फक्त पोलाद जाड झाले होते.

पाव टनाची गाडी

जीपचा जन्म युद्धातला. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची मागणी केली. बॅन्टम या छोट्या कंपनीने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पहिला नमुना दिला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. सैन्याच्या कागदोपत्री ही ‘पाव टनाची’ गाडी होती. माणसे आणि सामान मिळून ८०० पौंड, म्हणजे साधारण ३६० किलो वजन तिने वाहावे असा हिशेब होता. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

तिच्या चारही चाकांवर पाट्यांच्या कमानी होत्या. ही रचना जुनीच होती, पण तिचे फायदे मोठे होते. एकच कमान गाडीचे वजन पेलते, एक्सलला जागेवर धरून ठेवते, आणि पाट्यावर पाटा घासल्यामुळे गाडीचा झोकाही थोडा कमी करते. तुटली तर कुठल्याही लोहाराला समजेल अशी.

युद्धानंतर ही गाडी भारतात आली ती मुंबईमार्गे. तिथल्या माझगावात १९४९ मध्ये आयात केलेल्या भागांपासून विलिस जीप जोडण्याचे काम सुरू झाले. ते करणाऱ्या कंपनीचे नाव तेव्हा महिंद्र अँड महिंद्र असे होते. त्याच्या एक वर्ष आधीपर्यंत मात्र ते वेगळे होते.

पाटीवरून उतरलेले नाव

१९४५ मध्ये जगदीशचंद्र महिंद्र, कैलासचंद्र महिंद्र आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. नाव होते महिंद्र अँड मोहम्मद. जगदीशचंद्र टाटांच्या पोलाद कंपनीत राहिलेले होते. कैलासचंद्रांनी युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या खरेदीचे काम पाहिले होते. गुलाम मुहम्मद लाहोरचे, अलीगढला शिकलेले, रेल्वेच्या हिशेब खात्यात नाव कमावलेले. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे अर्थखातेही त्यांनी सांभाळले होते. आमचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. म्हणजे ज्या माणसाने कधीकाळी आमच्या जिल्ह्यांच्या महसुलाचा हिशेब पाहिला, त्याचे नाव पुढे एका पोलाद कंपनीच्या पाटीवर लागले होते.

१९४७ मध्ये फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९५१ मध्ये ते गव्हर्नर जनरल झाले. १९५४ मध्ये त्यांनीच पाकिस्तानची संविधान सभा बरखास्त केली. तिथल्या लोकशाहीच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जात नाही, हेही सांगितले पाहिजे. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. ‘मोहम्मद’च्या जागी दुसऱ्यांदा ‘महिंद्र’ आले. इंग्रजी आद्याक्षरे तीच राहिली.

ही गोष्ट अलीकडे समाजमाध्यमांवर बरीच फिरते. कुणी ती हळहळत सांगतो, कुणी खिजवत. मला तिच्यात दुसरेच दिसते. मालकीच्या पाटीवरून एक नाव उतरले आणि त्याची नोंद इतिहासात झाली. त्या जीपखाली पुढची पन्नास-साठ वर्षे जे हात राबले, त्यांची नोंद कुठेही नाही. ते हात कुठे गेले नाहीत. ते इथेच होते, तालुक्याच्या नाक्यावर, भाता चालवत.

कमान का बसते?

सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने स्प्रिंगचा नियम शोधला. दुसऱ्या कुणी चोरू नये म्हणून १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. जेवढा भार, तेवढा ताण. दुप्पट वजन टाका, स्प्रिंग दुप्पट दबेल. वजन काढा, ती परत येईल. आमच्या नववी-दहावीच्या मुलांना ही गोष्ट भिंगरीसारखी समजते, कारण त्यांनी गाडीत माणसे बसताना कमान दबलेली पाहिलेली असते.

पण या नियमाला मर्यादा आहे. ठरावीक हद्दीपलीकडे पोलादाला वाकवले, तर ते पूर्ण परत येत नाही. केसभर वाकलेले राहते. पुढच्या खेपेला आणखी केसभर. वर्षानुवर्षे असे साचत गेले की पाट्याचा बाक कमी होतो. यालाच कमान बसणे म्हणतात.

आता तो पाव टनाचा आकडा आठवा. आमच्याकडे जीप कशासाठी वापरली गेली? सुरुवातीला तहसीलदार, इंजिनिअर, पोलीस यांच्यासाठी. पुढे सरकारी लिलावातून ती खाजगी हातात आली, नव्या लांब जीपाही आल्या, आणि जिथे एसटी दिवसातून एकदा जायची तिथे ही गाडी दहादा जाऊ लागली. सातारा-सांगलीकडे तिला वडाप म्हणाले, आमच्याकडे काळी-पिवळी. आत समोरासमोरच्या बाकांवर दाटीवाटीने माणसे, मागच्या फळीवर उभी चार पोरे, टपावर गव्हाची पोती. हे सगळे वजन मुख्यतः मागच्या एक्सलवर. पुढच्या कमानींवर मुख्यतः इंजिन, ते बदलत नाही. मार खाते ती मागची कमान.

वजनाच्या जोडीला गंज येतो. पाट्यांच्या फटीत चिखल आणि पाणी साचते, पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात आणि तिथून तडा सुरू होतो. हा वेगळा आजार. वारंवार वाकल्याने धातूत तडा जाणे याला इंग्रजीतही धातूचा ‘थकवा’च म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या एक्सलवर प्रयोग करून त्याचा अभ्यास केला.

आमच्या गावातल्या एका वयस्क मिस्त्रींकडून मी ही दोन दुखणी वेगवेगळी ओळखायला शिकलो. एका सहकारी शिक्षकाच्या शेतावरची नव्वदच्या दशकातली जीप त्यांच्याकडे नेली होती. उजवीकडून मागे झुकलेली. सहकारी म्हणाले, ‘‘चाचा, नवीन कमान टाकायची का?’’ त्यांनी पाटे सोडवून एकेक उचलला, हातोडीने हळूच टोला मारून आवाज ऐकला. एकाचा आवाज बद्द आला. तो त्यांनी बाजूला ठेवला. बाकीच्यांकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘ये मरे नहीं सर, थके हैं.’’ बद्द आवाजाच्या पाट्यात, यू-बोल्टच्या कडेला केसासारखा तडा होता. तडा गेलेला पाटा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. नुसता बाक गेलेला पाटा परत उभा करता येतो.

उचलण्याचे उपाय

कमान बसली की लोक आधी सोपा उपाय शोधतात. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मदतीचा एक जाड पाटा आणखी टाकणे. गाडी लगेच उचलली जाते, मालक खूश होतो. पण जुने पाटे थकलेलेच राहतात आणि एकटा नवा पाटा सगळे वजन अंगावर घेतो. रिकामी गाडी दगडासारखी उडते. नव्या पाट्याचे टोक जिथे शेजारच्या पाट्यावर टेकते, तिथेच तो जुना पाटा काही महिन्यांत तुटतो.

दुसरा उपाय लांब शॅकलचा. कमानीच्या मागच्या टोकाला चासीशी जोडणारी ही झुलती पट्टी. ती दोन इंच लांब केली तर गाडी साधारण एकच इंच उचलते, कारण कमानीचे एकच टोक खाली जाते आणि एक्सल मधोमध असतो. शिवाय एक्सल जागच्या जागी थोडा फिरतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन बिघडतो आणि गाडी थरथरू लागते. कमान तर बसलेली ती बसलेलीच.

खरा उपाय वेळ घेणारा आहे. आधी तपासणी. गाडी सपाट जमिनीवर रिकामी उभी करायची, टायरमधली हवा सारखी करायची. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजायचे. फरक आला तरी लगेच पाट्याला दोष द्यायचा नाही. झिजलेले बुश, अडकलेला शॅकल, तुटलेला सेंटर बोल्ट, वाकलेली चासी यांनीही गाडी एका बाजूला झुकते. हे सगळे ठीक असेल तरच कमान उतरवायची. गाडी जॅकवर नव्हे, चासीखाली भक्कम ठोकळे लावून उभी करायची. ताणलेल्या कमानीचा सेंटर बोल्ट उघडताना पाटे उसळतात, म्हणून आधी शिकंजात धरायचे. या दोन गोष्टींत हयगय केलेल्यांची बोटे गेलेली मी पाहिली आहेत.

मग मापाची वेळ येते. मिस्त्री मुख्य पाट्याच्या एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणतात आणि मधोमध दोरीपासून पाट्यापर्यंतचे अंतर मोजतात. त्या क्षणी समोर अक्षरशः धनुष्य असते, दोरी लावलेले. चांगल्या बाजूच्या पाट्याशी किंवा नव्या पाट्याच्या मापाशी हे अंतर ताडून किती बाक गेला ते कळते.

बाक परत द्यायच्या दोन रीती आहेत. थंड रीतीत पाट्यावर खडूने इंच-दीड इंचावर रेघा मारतात. पोकळ बाजू वर ठेवून, खाली फट असलेल्या ठोकळ्यावर तो धरतात आणि रेघेरेघेवर घणाचा किंवा दाबयंत्राचा नेमका दाब देत पुढे सरकतात. एकाच जागी जोर दिला तर पाटा तिथे मोडल्यासारखा दिसतो. सगळीकडे सारखा दिला तर बाक एकसंध येतो. ही रीत स्वस्त आहे, पण फार थकलेला पाटा लवकर पुन्हा बसतो.

दुसरी रीत भट्टीची. पाटा लाल तापवायचा, बाक द्यायचा, आणि मग ‘पाणी’ द्यायचे. हत्याराला पाणी देणे हा मराठीतला जुना शब्दप्रयोग. कमानीच्या पोलादाला मात्र पाण्यात बुडवले तर ते तडकू शकते, म्हणून तेल वापरतात. शब्द तरीही पाणीच. साधारण साडेआठशे ते नऊशे अंश सेल्सिअसवरून तेलात बुडवलेला पाटा कडक पण ठिसूळ होतो. त्याला पुन्हा चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवून नरम करावे लागते, तेव्हा त्यात लवचीकपणा येतो. ही दुसरी पायरी घाईत गाळली तर पाटा काचेसारखा तुटतो. आणि तापवून नुसता वाकवला, पाणीच दिले नाही, तर तो मऊ राहून महिन्याभरात परत बसतो. भट्टीत फार वेळ ठेवला तर वरच्या थरातला कार्बन जळतो, आणि सर्वांत जास्त ताण येतो तो नेमका वरच्याच थरावर.

फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, आणि चकाकीही. पाणी दिलेली तलवार ती आबदार. मराठीत आपण ‘आब राखणे’ म्हणतो, म्हणजे इज्जत राखणे. लोहाराच्या भट्टीतले पाणी आणि माणसाची इज्जत एकाच शब्दात आहेत.

जोडणीतही कसब आहे. सगळे पाटे सारख्या बाकाचे नसतात. लांबी कमी होत जाते तसा बाक किंचित वाढवतात. सुटे पाटे एकमेकांवर ठेवले की मध्ये बारीक फट दिसली पाहिजे. सेंटर बोल्ट आवळला की ती मिटते आणि सगळे पाटे मिळून वजन उचलतात. यू-बोल्ट शक्यतो नवे घ्यायचे. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळायचे, नाहीतर बुश पिळून फाटतात. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. आणि कमान एका बाजूची बसली असली तरी काम दोन्ही बाजूंचे करायचे.

हे ज्ञान कुठे लिहिले आहे?

दहावीचे फॉर्म भरताना वडिलांचा व्यवसाय लिहावा लागतो. दरवर्षी काही मुले तो रकाना रिकामा ठेवतात किंवा ‘धंदा’ एवढेच लिहितात. एका मुलाला विचारले तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘‘सर, कमानचं काम करतात. लोक पंक्चरवाले म्हणून हसतात.’’ आपल्या समाजाला उद्देशून हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, हे चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला मोबाईलमुळे चांगले ठाऊक आहे.

त्या मुलाला मी जे सांगितले ते इथेही सांगतो. तुझे वडील रंग पाहून पोलादाचे तापमान ओळखतात. आवाजावरून तडा ओळखतात. हूकचा नियम त्यांनी वाचलेला नाही, पण त्याची हद्द कुठे संपते हे त्यांना बोटांनी कळते. अभियांत्रिकी महाविद्यालयात हेच चार वर्षे शिकवतात आणि त्याला पदवी देतात. म्हणून शिकायचे नाही असा याचा अर्थ नाही. उलट वडिलांचे हुनर आणि शाळेतले पुस्तक एकत्र आले, तर तू त्या दोघांच्याही पुढे जाशील. उस्तादांची खंत हीच असते की शागीर्द काम शिकतो, पण ‘का’ ते कुणी लिहून ठेवत नाही.

आणि वेळ फार उरलेली नाही. नव्या गाड्यांखाली मागेही गुंडाळलेल्या तारेच्या स्प्रिंगा आल्या आहेत. २०१० च्या थारमागे पाट्यांची कमान होती, २०२० च्या थारमध्ये ती गेली. गुंडाळलेली स्प्रिंग बसली की कुणी तिला बाक देत बसत नाही, काढून नवी टाकतात. मालमोटारी, ट्रॉल्या आणि बोलेरोसारख्या गाड्या आहेत तोवर कमानवाल्याचे दुकान चालेल. पण जुन्या पाट्याला बाक आणि पाणी देणारी भट्टी आमच्या नाक्यावर एकच उरली आहे.

बंदूक आल्यावर कच्छच्या कमानगरांनी कुंचला धरला, म्हणून आज त्यांचे नाव तरी शिल्लक आहे. आमच्या कमानवाल्यांचे नाव राहायचे असेल, तर त्यांच्याकडचे शब्द, मापे आणि रीती कुणीतरी उतरवून घेतल्या पाहिजेत. या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांना मी सुट्टीचा प्रकल्प म्हणून हेच दिले आहे: घरातल्या किंवा गल्लीतल्या एका कारागिराकडे बसा, त्याच्या कामातले वीस शब्द लिहून आणा, आणि एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसे होते ते लिहा. उर्दूत लिहा किंवा मराठीत. व्यवसायाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्या त्या मुलाच्या वहीत आतापर्यंत चौतीस शब्द झाले आहेत. त्यातले अकरा मला माहीत नव्हते.